जुना आयफोन की जुना अँड्रॉइड? अपडेट बंद झाल्यावर कोणाचं काय होतं

सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने आयफोनची नवी सिस्टीम, आयओएस २६, आणली आणि आयफोन एक्सआर, एक्सएस आणि एक्सएस मॅक्स हे तीन फोन यादीतून गळले. (त्याआधीची आवृत्ती आयओएस १८ होती. मधले आकडे शोधत बसू नका. ॲपलने आता वर्षाच्या हिशेबाने नावं द्यायला घेतली आहेत.) तिकडे सॅमसंगचा गॅलेक्सी एस२१ अँड्रॉइड १५ वर थांबला, गूगलचा पिक्सेल ५ त्याआधीच १४ वर. यातला एकही फोन बिघडलेला नाही. कॅमेरे चांगले आहेत, स्क्रीन चांगली आहे, बॅटरी बदलली तर आणखी काही काळ आरामात चालतील. म्हणून तर ज्यांच्या हातात ते आहेत, किंवा जे असाच एखादा सेकंड हँड घ्यायच्या विचारात आहेत, त्यांची पंचाईत होते: ठेवावा की बदलावा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘नवीन व्हर्जन येणार का’ हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि निर्णयात त्याला सगळ्यांत कमी वजन द्यायला हवं. सपोर्ट संपतो म्हणजे तीन गोष्टी तीन वेगळ्या वेळी संपतात. आधी नवीन व्हर्जन थांबतं. मग केव्हातरी सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारे छोटे अपडेट, थांबतात. शेवटी ॲप्स हात वर करतात. बातम्या होतात त्या पहिल्या टप्प्याच्या, धोका सुरू होतो दुसऱ्यावर आणि फोन खरा अडगळीत जातो तिसऱ्यावर. आयफोन आणि अँड्रॉइडची तुलना या तिन्ही टप्प्यांवर निरनिराळी करावी लागते, कारण एका ठिकाणी जो उजवा ठरतो तोच दुसऱ्या ठिकाणी मागे पडतो.

नवीन व्हर्जन किती वर्षं?

ॲपल आधी काही कबूल करत नाही, पण इतिहास पाहिला की अंदाज बांधता येतो. २०१९ च्या आयओएस १३ ने आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लस सोडले. १४ आणि १५ मध्ये कोणालाच काढलं नाही. मग २०२२ च्या आयओएस १६ ने एकदम सगळा हिशेब चुकता केला: ६एस, ७, पहिला एसई, सगळे बाहेर. पुढच्या वर्षी १७ ने आयफोन ८ आणि एक्सला निरोप दिला, १८ ने पुन्हा सगळ्यांना सांभाळून घेतलं, आणि २६ मध्ये एक्सआर-एक्सएसचा नंबर लागला. ६एस ला मूळचं धरून सात व्हर्जन मिळाली, एक्सएस लाही सातच. आयफोन ७, ८ आणि एक्स यांना सहा. आयओएस २६ हे आयफोन ११ चं सातवं व्हर्जन आहे. त्यामुळे आयफोन ११ ‘सपोर्टेड’ आहे म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर एवढी बेरीज करून बघा.

फोन वगळला की ‘जुनी चिप झेपत नाही’ असं सरसकट म्हटलं जातं. कधी ते खरं असतं. २०१७ मध्ये आयओएस ११ ने ३२ बिटच्या जुन्या चिपचा काळ संपवला तेव्हा आयफोन ५ आणि ५सी यांना खरोखरच पुढे वाट नव्हती. पण एक्सआरचं उदाहरण जवळून पाहिलं तर वेगळंच दिसतं. एक्सआर २०१८ चा, त्यात ए१२ चिप आणि ३ जीबी रॅम. आठव्या पिढीचा साधा आयपॅड २०२० चा, त्यातही ए१२ चिप आणि ३ जीबीच रॅम. दोघंही २०२१ पर्यंत ॲपलच्या स्वतःच्या विक्रीत होते. आज तो आयपॅड आयपॅडओएस २६ वर आहे आणि एक्सआर १८ वर अडकला आहे. ए१० चिपची गोष्टही तीच: आयफोन ७ आयओएस १५ वर थांबला आणि तीच चिप असलेला सातव्या पिढीचा आयपॅड थेट आयपॅडओएस १८ पर्यंत गेला. फोन आणि टॅबलेटच्या कामात फरक असतो हे मान्य. तरीही मला यातून दिसतं ते हे की वर्षं मोजायची ती मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून. तुम्ही ते कधी घेतलं याला किंमत नाही. ज्याने २०२१ मध्ये कोरा करकरीत एक्सआर घेतला त्याला चारच वर्षं मिळाली, आणि बॉक्सवर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

अँड्रॉइडचा मामला उलटा. इथे कंपन्या आकडा जाहीर करतात, पण तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि गेल्या काही वर्षांत तो इतका बदलला आहे की ‘अँड्रॉइड किती वर्षं चालतो’ या प्रश्नाला एक उत्तरच उरलेलं नाही. सॅमसंगने एस२० ला तीन व्हर्जन दिली. एस२१, एस२२, एस२३ ला चार व्हर्जन आणि पाच वर्षं सिक्युरिटी. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या एस२४ पासून मात्र सात व्हर्जन आणि सात वर्षं. गूगलनेही ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ पासून सात वर्षांचा शब्द दिला आहे. पिक्सेल ६ आणि ७ ला मुळात तीन वर्षांची व्हर्जन मिळणार होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये वाढवून पाच केली.

सेकंड हँड घेणाऱ्याने नेमकं इथेच थांबून बघायला हवं. एस२३ आणि एस२४ यांच्यात साधारण वर्षाचं अंतर. हातात घेतले तर फारसा फरक जाणवत नाही. पण एस२३ ची व्हर्जन अँड्रॉइड १७ ला संपतात आणि पॅच २०२८ च्या सुरुवातीला. एस२४ ला २०३१ च्या सुरुवातीपर्यंत चिंता नाही. पिक्सेल ७ ची मुदत ऑक्टोबर २०२७, पिक्सेल ८ ची ऑक्टोबर २०३०. एका वर्षाने नवा फोन घेऊन आयुष्य तीन वर्षांनी वाढतं, असा सौदा आयफोनमध्ये मिळत नाही. तिथे एक वर्ष नवा म्हणजे साधारण एकच वर्ष जास्त. आणि महाग फोनच जास्त टिकतो असंही आता राहिलेलं नाही: सॅमसंगच्या स्वस्त गटातल्या ए१६ ५जी ला सहा व्हर्जन जाहीर झाली आहेत, तर त्याहून वरच्या पायरीवरचा पण आधी आलेला ए५४ चारवरच आटोपतो.

अँड्रॉइडमध्ये हे घोडं इतकी वर्षं कुठे अडत होतं? बहुतेक वेळा चिपच्या ड्रायव्हरवर (चिप आणि सिस्टीम यांना जोडणारं सॉफ्टवेअर). फोन बनवणारी कंपनी वेगळी, चिप बनवणारी वेगळी. चिपवाल्याने नव्या व्हर्जनसाठी ड्रायव्हर दिले नाहीत की फोनवाला काही करू शकत नाही. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ आली तेव्हा स्नॅपड्रॅगन ८०० आणि ८०१ चे फोन असेच मागे राहिले. गूगलचा स्वतःचा नेक्सस ५ अँड्रॉइड ६ च्या पुढे गेला नाही, आणि सोनीच्या एक्सपीरिया झेड३ वर तर ७ ची चाचणी आवृत्ती आली होती, पक्की कधी आलीच नाही. नंतर गूगलने अँड्रॉइड ८ मध्ये ट्रेबल नावाची रचना आणून चिपचा भाग आणि वरचा भाग वेगळा केला, तेव्हापासून गाडी जरा रुळावर आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वालकॉम आणि गूगलने स्नॅपड्रॅगन ८ एलिटपासून पुढच्या चिपसाठी आठ वर्षांपर्यंतच्या अपडेटची तयारी जाहीर केली. पण मेख अशी की ती चिपची तयारी आहे, फोन कंपनीचं वचन नव्हे. चिपचं नाव वाचून आठ वर्षं गृहीत धरू नका.

सिक्युरिटी पॅच

व्हर्जन थांबलं म्हणजे फोन उघडा पडला असं नाही. यात ॲपलचा हात मोकळा आहे, हे मान्य करावं लागतं. १५ सप्टेंबर २०२५ ला आयओएस २६ सोबतच तीन जुन्या शाखांनाही (जुन्या व्हर्जनच्या मालिकांना) पॅच आले: एक्सआर-एक्सएससाठी १८.७, आयफोन ८ आणि एक्ससाठी १६.७.१२, आणि ६एस-७ साठी १५.८.५. आयफोन ६एस सप्टेंबर २०१५ मध्ये आला होता. दहा वर्षांच्या फोनला सिक्युरिटी पॅच ही गोष्ट अँड्रॉइडच्या जगात मला तरी दाखवता येणार नाही.

पण त्यावर फार विसंबूही नये. नव्या व्हर्जनमध्ये बुजवलेलं प्रत्येक भोक जुन्या शाखेत बुजवलं जातंच असं नाही, हे ॲपलच्याच कागदपत्रांत लिहिलेलं आहे. जुन्या फोनला जे येतं ते बहुधा प्रत्यक्ष हल्ल्यात वापरल्या गेलेल्या त्रुटीपुरतं. शिवाय पुढचा पॅच येईल की नाही, आला तर कधी, याची तारीख कोणी देत नाही. ब्रिटनच्या कायद्यामुळे ॲपलला पहिल्यांदा आयफोन १५ प्रो मॅक्ससाठी किमान मुदत लेखी द्यावी लागली, तेव्हा तिने पाच वर्षं लिहिली. प्रत्यक्षात ती त्याहून जास्त देते. लेखी मात्र पाचच.

अँड्रॉइडवाले तारीख देतात आणि त्या तारखेला दुकान बंद करतात. पिक्सेल ५ ची हमी ऑक्टोबर २०२३ ला संपली. एस२१ ची पाच वर्षं २०२६ च्या सुरुवातीला भरतात. त्यानंतर मागे वळून बघणं क्वचितच.

तुमच्या अँड्रॉइडची नेमकी अवस्था बघायची असेल तर सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ आणि त्यात अँड्रॉइड व्हर्जन उघडा (काही फोनमध्ये ‘सॉफ्टवेअर माहिती’ असं नाव असतं). तिथे वर व्हर्जनचा आकडा असतो आणि खाली दोन तारखा. एक सिक्युरिटी अपडेटची, दुसरी गूगल प्ले सिस्टीम अपडेटची. पहिली तारीख कंपनी पुढे सरकवते. दुसरी गूगल थेट सरकवतं. अँड्रॉइड १० पासून सिस्टीमचे काही भाग कंपनीला न विचारता बदलण्याची सोय झाली आहे. त्यामुळे जुन्या फोनवर बऱ्याचदा पहिली तारीख दोन वर्षं मागची आणि दुसरी बरीच ताजी दिसते. दुसरी बघून जीव भांड्यात पडू देऊ नका. चिप, मोडेम, कर्नल (सिस्टीमचा गाभा) यांतली भोकं पहिल्या तारखेनेच बुजतात. सेकंड हँड फोन बघायला गेलात की कॅमेरा तपासण्याआधी हे पान उघडा.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवा नियम लागू झाला आहे: मॉडेलची विक्री बंद झाल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट उपलब्ध ठेवायचे. आकड्यापेक्षा मोजणी कुठून सुरू होते ते यात महत्त्वाचं. वर एक्सआरची वर्षं मॉडेल आल्यापासून मोजली गेली; या नियमात ती विक्री थांबल्यापासून मोजतात.

ॲप्सच्या बाबतीत पारडं फिरतं

इथपर्यंत आयफोन पुढे वाटत असेल. आता ब्राउझर बघा. आयफोनवर सफारी आणि तिच्यामागचं वेबकिट इंजिन (वेबपान उलगडून दाखवणारा आतला भाग) सिस्टीमला जोडलेलं असतं. युरोपीय संघ आणि अलीकडे सूट मिळालेल्या ठिकाणांचा अपवाद सोडला तर क्रोम घ्या की फायरफॉक्स, आत इंजिन तेच. सिस्टीम अडकली की प्रत्येक ब्राउझर अडकला. अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून वेगळं अपडेट होतं. अँड्रॉइड ८ आणि ९ चा आधार क्रोमने २०२५ मध्ये, १३८ व्या आवृत्तीनंतर काढला. म्हणजे २०१९ च्या अँड्रॉइड १० वर अडकलेल्या फोनलाही तेव्हा ताजा ब्राउझर मिळत होता. ज्याचा फोन मुख्यतः वाचायला, बघायला आणि वेबसाइटवर कामं करायला लागतो, त्याच्यासाठी हा फरक व्हर्जनच्या आकड्यापेक्षा मोठा आहे.

व्हॉट्सॲपचं उदाहरण तर बोलकंच. मे २०२५ पासून आयफोनवर त्याला किमान आयओएस १५.१ लागू लागली. २०१४ चा आयफोन ६ आयओएस १२ वर अडकलेला, त्यामुळे तो बाद. त्याच वेळी अँड्रॉइडवर किमान अट होती अँड्रॉइड ५, म्हणजे तीही २०१४ चीच. आयओएस १३ ने सोडल्यावरही आयफोन ६ ला पॅच मिळत राहिले होते, पण ज्या ॲपसाठी फोन हातात धरतो तेच चालेना तर पॅचचं काय लोणचं घालायचं? ॲप स्टोअर कधीकधी ‘जुनी आवृत्ती डाउनलोड करायची का’ असं विचारतं. नोंदवह्या, गेम, कॅल्क्युलेटर यांना ते पुरतं. ज्यांचा सगळा कारभार सर्व्हरवर चालतो त्या ॲप्सना नाही.

अर्थात अँड्रॉइडलाही इथे एक काटा आहे, तो बँकांचा. गूगल ॲप्सना फोन किती विश्वासू आहे ते कळवतं, त्याच्या पातळ्या असतात. २०२५ च्या मे पासून, अँड्रॉइड १३ किंवा पुढच्या फोनला सगळ्यांत वरची पातळी मिळवायची तर गेल्या वर्षभरातला सिक्युरिटी पॅच असावा लागतो. कोणत्या ॲपने कोणती पातळी मागायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण ज्या ॲपने कडक पातळी मागितली, ते पॅच बंद झाल्यावर वर्षभराने कुरकुरणार हे उघड आहे. म्हणून पैशांचे व्यवहार करणारा फोन पॅचच्या शेवटच्या तारखेनंतर वर्षभरात बदलायचा, असा साधा हिशेब मी धरतो.

जुन्या अँड्रॉइडवर लिनिएजओएससारखी दुसरी सिस्टीम टाकून आयुष्य वाढवता येतं, आयफोनवर तसा मार्गच नाही. हौशी माणसाला हे उत्तम. मात्र त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम चढवणारा, एरवी कुलूपबंद भाग) उघडला की त्याच बँकेच्या ॲप्सची नाराजी ओढवते, आणि सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स या सुरक्षा यंत्रणेची खूण कायमची बदलते, मागे फिरता येत नाही. दुसऱ्या फोनवर खुशाल करा, एकुलत्या एक फोनवर नको.

दोन लहान गोष्टी, ज्या विसरल्या जातात. घड्याळ: वॉचओएस २६ असलेल्या ॲपल वॉचला आयओएस २६ चा आयफोन लागतो, म्हणजे एक्सआरवाल्याने नवं घड्याळ घेतलं तर ते जोडताच येणार नाही. आणि सपोर्टेड म्हणजे सगळं मिळेल असंही नाही. आयफोन १५ वर आयओएस २६ छान चालते, पण ॲपल इंटेलिजन्स (ॲपलच्या एआय सोयी) त्याला नाही, ते १५ प्रो पासून पुढे. मला व्यक्तिशः त्याचं फारसं दुःख वाटत नाही.

मग करायचं काय?

हातात एक्सआर किंवा एक्सएस असेल तर घाई नको. १८ शाखेचे पॅच येत आहेत तोवर वापरा, बॅटरीची कमाल क्षमता ८० टक्क्यांखाली गेली असेल तर बदलून घ्या. पण आज हे फोन विकत घेऊ नका, कितीही चकचकीत असले तरी. आयफोन ११ आणि दुसरा एसई यांचंही तेच; दोघांत ए१३ चिप आहे आणि दोघं रांगेच्या टोकाला उभे आहेत. वापरलेला आयफोनच हवा असेल तर १३ पासून पुढे बघा.

हातात एस२१ असेल तर बँकेची कामं दुसऱ्या फोनवर हलवायला सुरुवात करा आणि हा घरात व्हिडिओ, गाणी, पुस्तकं यांसाठी ठेवा. क्रोम अपडेट होत राहील, त्यामुळे त्या कामाला तो अजून बरीच वर्षं उपयोगी आहे. पिक्सेल ६ वाल्यांची मुदत ऑक्टोबर २०२६. सेकंड हँड बाजारात एस२२ दिसला तर सोडून द्या, एस२३ स्वस्तात मिळाला तरच, एस२४ किंवा पिक्सेल ८ मिळत असेल तर फार विचार करू नका.

वापरलेला आयफोन १३ आणि वापरलेला पिक्सेल ८ असे दोनच समोर असतील तर? मी स्वतःसाठी पिक्सेल ८ घेईन, कारण २०३० ही तारीख लेखी आहे आणि ती तारीख येईल तेव्हा मी लक्ष ठेवून असेन. पण फोन अशा कोणाला द्यायचा असेल जे सेटिंग्ज कधी उघडतच नाहीत, फोन बंद पडेपर्यंत वापरतात आणि अपडेटची सूचना बाजूला सारतात, तर आयफोन १३ द्या आणि देतानाच त्यात आपोआप अपडेट चालू करून ठेवा.